धुरपताचं लोणचं

"चूप बस वं धुरपता, आयकू दे!" गुणवंतराव पाटील खेकसले.

रेडिओ सांगत होता, "धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाका. तरंगेल ते पोचट, काढून फेका. तळाला बसेल ते साध्या पाण्यानं धुऊन पेरा."

पंचायतीच्या ओट्यावर सारं गाव कान टवकारून बसलेलं, आणि मागं ही बाई उभी राहून ओरडत होती, "तीन सालापासून मी काय सांगून राह्यली? हेच ना!"

हेच! अगदी हेच! सिंदेवाहीच्या सरकारी फार्मवर दोन हंगाम मजुरी करून ही विधवा ही युक्ती शिकून आली होती, आणि दारोदार सांगत फिरली होती. गावानं काय केलं? खिदळलं. विहिरीवर बाया विचारायच्या, "काऊन वं, बियाचं लोनचं मुरलं का?" खोटं कशाला बोलू, गावचा मास्तर असून मीही हसलो होतो. तिच्या एवढ्याशा बांधीत, त्या शेताच्या तुकड्यात, धान दरसाल आमच्याहून दाट यायचं. ते म्हणे नशीब!

पण पेटी बोलली आणि गाव पेटलं. रेडिओची किल्ली माझ्याकडे. मी कुलूप लावतो न लावतो तोच ओटा रिकामा! सकाळी जाफरच्या दुकानापुढं ही झुंबड. कुणी टोपली आणली, कुणी लुगड्याचा पदरच पसरला.

"गुरुजी, तुमच्या रेडिओनं कमाल केली!" जाफर घाम पुसत म्हणाला. "चार महिन्याचं मीठ दोन घंट्यात साफ!"

धुरपता तेंदूपानं तोडून दुपारी आली, तेव्हा मिठाचं पोतं झटकून पायरीवर टाकलेलं होतं. रोहिण्या लागलेल्या. उद्या तिला बी टाकायचं होतं. एकटीचं पोट, वर्षभराचा भात त्याच बांधीवर.

"माह्याच बियाले मीठ नाई?" ती म्हणाली. मला मान वर करवेना. म्हटलं, "चला बाई, कुणाकडून तरी मिळवू."

पाटलांच्या अंगणात पोहोचलो, तर वारलू गडी मिठाच्या पाण्याचं घंगाळ उचलून उकिरड्याकडे निघालेला. धुरपता धावली. "फेकू नोका जी! थेच पानी पुन्हा चालते. चार घरचं बी होते त्यात. मले द्या!"

गुणवंतराव म्हणाले, "रेडिओनं तसं सांगतलं का?"

"नाई, पन..."

"मंग?"

आणि भसकन ते पाणी उकिरड्यावर!

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. मी मास्तरी आवाज लावला, "अहो, बाई खरं सांगतेय!" तर एक म्हातारी फटकन म्हणाली, "तुमी तं हसत होते ना गुरुजी?" मी पुढचं दार गाठलं.

शेवटी गल्लीच्या टोकाला सुगंधाबाईनं अर्धी घागर पाणी दिलं. "ने बाई. नाईतरी नालीतच जानार होतं."

धुरपतानं पाणी पारखायला आणलेलं अंडं ओटीतून काढून त्यात सोडलं. अंडं वर आलं, पाठ दाखवत डुलू लागलं. पाण्यात मीठ पुरेसं होतं. तिचं तोंड असं उजळलं की मीही पोरासारखा टाळी वाजवली.

मग एकदम तिला काहीतरी सुचलं. "गुरुजी! सांजच्याले पेटी लावसान, तवा त्या बोलनाऱ्याले सांगा न. म्हनाव, पानी फेकू नोका असंबी सांग. तो बोलला का आयकतेत सारे."

"बाई, त्याला सांगता येत नाही. ती पेटी नुसती बोलते."

"आयकत नाई?"

"नाही."

"मंग आपल्याच गावची हाय म्हना," ती म्हणाली. अंडं पुसून तिनं ओटीत ठेवलं, घागर डोक्यावर घेतली आणि थेंबही न सांडता घराकडे निघाली. मी बाजूला होऊन तिला वाट दिली.