अर्ध्या भोकाचा झारा

"बाबा, खरं सांगा, तुम्ही आजवर एक तरी मासा पकडलाय का?"

हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी उकळत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालो होतो. विचारणारी होती घरातली मुलगी, नववीतली. प्रश्न मात्र तिचा नव्हता. जिन्यात तिच्या तीन मैत्रिणी एकमेकींवर रेलून उभ्या होत्या आणि "विचारून दाखव, मग मानू तुला" असं त्यांनी तिला डिवचलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की जो माणूस सहा वर्षं दर रविवारी तळ्यावर जातो आणि एकदाही मासा दाखवत नाही, तो तळ्यावर जातच नसणार.

बाबांनी मला पातेल्यातून वर काढलं, माझ्यावरच्या पिठाच्या गोळ्या टॉवेलवर ओतल्या आणि त्यातली एक उगाच इकडची तिकडे केली.

"पकडतो आणि सोडतो. सगळेच सोडतात. ठाऊक आहे ना तुला," ते म्हणाले. पण हे ते टॉवेलला म्हणाले.

मित्रांनो, मी एक जुना झारा आहे. कच्चं काय आणि शिजलेलं काय हे मला दुरून कळतं. इतकं कच्चं उत्तर मी जन्मात पाहिलं नव्हतं. जिन्यातून खुसखुस ऐकू आली, आणि मुलीचे कान लाल झाले.

आता आधी माझ्याबद्दल सांगतो, कारण ह्या स्वयंपाकघरात सांगण्यासारखं आयुष्य दुसऱ्या कुणाचं नाही. चमच्यांना विचारलंत तर ते फक्त कुणाच्या तोंडात गेले ते सांगतील. चाळणी दिवसभर थरथरते आणि त्याला काम म्हणते. मला एका कारागिरानं हातानं घडवलं. पोलादाची चकती ठोकून ठोकून खोलगट केली, तिला लांब दांडा जोडला, आणि मग खिळा व हातोडी घेऊन एकेक भोक पाडलं. साठ भोकं सुरेख पडली. एकसष्टाव्याच्या वेळी त्याला कुणीतरी जेवायला हाक मारली. तो गेला, आणि ते भोक अर्धंच राहिलं. वरून खळगा, खालून बंद. जेवून आल्यावर त्याच्या ते लक्षातच आलं नाही. मी मात्र त्या खळग्याला माझा दागिना मानलं. बाकीचे झारे दुकानात एकसारखे टांगलेले असायचे, बिचारे. ओळखू यायचो तो मी.

मला विकत घेतलं ते मुलीच्या आईच्या वडिलांनी. ते एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते. रोज चारशे माणसं जेवायची. उकळत्या पाण्यातून अंडी उचलायची, कढईतून बटाटे, आणि एकही फुटता कामा नये. आजोबा मला कधी कुणाच्या हाती देत नसत. संध्याकाळी ते मला गरम पाण्यात धरत, मूठभर कोंड्यानं घासत आणि कापडानं कोरडा करत. साबण नाही. "साबणाला खाण्यातलं काही कळत नाही," असं ते म्हणत. कामगार माझ्याकडे बघून "आला बघ राजा" म्हणायचे. कदाचित ते अंड्याला म्हणत असतील. पण मी तसा अर्थ कशाला घेऊ?

आजोबा गेल्यावर मी लेकीकडे आलो. तिचं औषधांचं दुकान आहे, आणि जंतू ह्या विषयावर ती बोलायला लागली की समोरचा माणूस नकळत हात मागे घेतो. तिच्या घरात तळण बंद. माझ्या जागी एक काळं प्लास्टिकचं उलथनं आलं. जरा तापलं की मऊ पडतं. मला दारामागच्या खिळ्यावर टांगण्यात आलं आणि दोन वर्षं मी त्या उलथन्याची मिजास पाहत लोंबकळलो.

मग बाबांना छंद लागला. मला खिळ्यावरून काढलं तेव्हा वाटलं, आले पुन्हा चांगले दिवस. मित्रांनो, मला माशांचा खाऊ करायला काढलं होतं!

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. हाताला कायम वंगण. शनिवारी दुपारी आई दुकानात असताना हे स्वयंपाकघराचा ताबा घेतात. परातीत रवा, मक्याचं पीठ, दुधाची पावडर आणि सुक्या माशांची पूड, जिच्या वासानं खिडकीतलं मांजरसुद्धा आधी येतं आणि मग विचारात पडतं. दुसऱ्या भांड्यात अंडी फेटायची, त्यात थोडं तेल आणि व्हॅनिला इसेन्स. सगळं एकत्र मळायचं, हातावर लांब वळकट्या करायच्या, त्या कापायच्या, आणि प्रत्येक तुकड्याची बोराएवढी गोळी वळायची. ह्या गोळ्या मी उकळत्या पाण्यात सोडतो. दोन मिनिटांत वर तरंगल्या की काढतो. मग त्या टॉवेलवर रात्रभर वाळतात, म्हणजे बाहेरून टणक होतात आणि पाण्यात विरघळत नाहीत. कार्प नावाचा मिशीवाला मासा ह्या गोळ्यांवर जीव टाकतो, असं बाबांनी वाचलं होतं. बाबांनी खूप वाचलं होतं. माशांनी वाचलं नव्हतं.

आईची एकच अट होती. माशाच्या वासाचं काहीही तिच्या स्वयंपाकघरात राहता कामा नये. म्हणून बाबा मला वापरण्याआधी एकदा आणि वापरल्यावर दोनदा, लिंबाच्या वासाच्या घट्ट साबणानं घासायचे. वर स्वतःचे वंगणाचे हातही त्याच साबणानं. फेसात बुडवून काढायचे, नळाखाली एकदा फिरवायचे आणि झालं. मी आरशासारखा चमकायचो. एवढं एक सुख सोडलं तर त्या घरात मला काय होतं?

रविवारी ते मलाही तळ्यावर नेत. काठावर उभं राहून माझ्यात मूठभर गोळ्या घ्यायच्या आणि लांब पाण्यात भिरकवायच्या, म्हणजे मासे त्या जागी जमतात. कँटीनचा राजा, आणि काम काय, तर चिखलात उभं राहून खाऊ उधळायचा. शेजारी इतर मासेमार बसलेले. मासा गळाला लागला की त्यांच्या काठ्यांना बांधलेल्या घंट्या वाजत. ते मासा ओढत, ओल्या चटईवर ठेवत, वजन करत आणि परत सोडून देत. बाबांची घंटी सहा वर्षांत वाजली ती फक्त वाऱ्यानं. त्यांचं नाव तिथे "उपाशी" पडलं होतं. "या उपाशी, आज काय उपास?" असं विचारत, आणि बाबा हसत. तेही हसतात हे बघून मला त्यांची आणखीच कीव यायची. घरी आल्यावर म्हणायचे, दोन धरले, सोडून दिले.

तर त्या शनिवारी मैत्रिणी निघून गेल्यावर मुलगी पुन्हा स्वयंपाकघरात आली. बाबा मला घासत होते. त्यांनी नळ बंद केला.

"एकही नाही," ते म्हणाले. "सहा वर्षांत एकही नाही. त्यांना सांगणार आहेस?"

मला वाटलं, आता ही हसेल. मी हसलो असतो. ती ओट्याला टेकली आणि टॉवेलवरची एक गोळी उचलून बघायला लागली. सोमवारी वर्गात तिला उत्तर द्यायचं होतं. खोटं सांगितलं तर फोटो मागितला असता, आणि खरं सांगितलं तर बाबांचं नाव तळ्यावरून शाळेपर्यंत पोचलं असतं. शेवटी ती म्हणाली की उद्या ती सोबत येणार, आणि मैत्रिणींकडून पंधरा दिवस मागून घेणार.

तळ्यावर एक मावशी बसते. पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती. सगळ्यात जास्त मासे तिलाच लागतात आणि ती कुणाशी बोलत नाही, कारण आयुष्यभर पुरेल एवढं ती बसमध्ये बोलली आहे. मुलगी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि बाबांची गोळी पुढे केली. सहा वर्षांत बाबांना हे जमलं नव्हतं. मावशीनं गोळी बोटांत दाबली, मोडली, नाकाशी धरली, आणि जिभेचं टोक लावलं.

"गोळी झकास आहे," ती म्हणाली. "पण हिला आंघोळ कुणी घातली?"

बाबांना कळलं नाही. मावशीनं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं बिनतिकीट माणसाकडे बघतात. कार्प गोळी तोंडात घेतो, चव बघतो आणि नको असेल तर चूळ भरल्यासारखी थुंकतो, एवढंच तिनं सांगितलं आणि पाठ फिरवली.

घरी आल्यावर मुलगी प्रत्येक वस्तू हुंगत सुटली. रवा हुंगला, पूड हुंगली आणि शिंकली, परात, पातेलं, टॉवेल. मी खिळ्यावरून निवांत बघत होतो. मनात म्हटलं, शोध बाई, उलथन्याला नीट हुंग. मग तिनं मला काढलं.

तिनं मला खिडकीशी उजेडात धरलं आणि एक टाचणी घेतली. माझ्या एकसष्टाव्या भोकात, माझ्या दागिन्यात, ती टाचणी फिरवली. आतून पांढरट, मेणासारखा एक खडा निघाला. लिंबाचा वास. दांड्याच्या जोडातून तसलाच आणखी निघाला. सहा वर्षांचा साबण, मित्रांनो. दर शनिवारी गरम पाण्यात तो थोडा थोडा विरघळत होता आणि प्रत्येक गोळीला लागत होता.

मी बाबांना हसत होतो, चाळणीला, उलथन्याला, अगदी माशांनासुद्धा. आणि सहा वर्षं त्या माणसाला उपाशी ठेवत होतो मी. चमकत होतो आणि ठेवत होतो. त्या दिवशी चाळणी माझ्याकडे न बघता आपलं काम करत राहिली. ते मला जास्त लागलं.

आई दुकानातून आली तेव्हा तो खडा बशीत ठेवलेला होता. मुलगी म्हणाली, साबण बंद. आई म्हणाली, न धुतलेला झारा ह्या स्वयंपाकघरात राहणार नाही. दोघींचे आवाज चढले. बाबा परात पुसत राहिले, पुसून झालेली. मग आईनं मला हातात घेतलं, जरा वेळ त्या अर्ध्या भोकावरून अंगठा फिरवला, आणि तिचा आवाज खाली आला.

"माझे बाबा ह्याला कोंड्यानं घासायचे," ती म्हणाली. "मी विसरलेच होते."

त्या आठवड्यात मला तीनदा नुसत्या पाण्यात उकळलं, कोंड्यानं घासलं. बाबांनी शनिवारी हात आधी साबणानं, मग कितीतरी वेळ नुसत्या पाण्यानं धुतले, आणि शेवटी थोडं पीठच हाताला चोळलं. गोळ्या तशाच दिसत होत्या. माझी चमक मात्र गेली होती. मी काळपट, जुनाट दिसत होतो, जसा मी आहे तसा.

रविवारी सकाळभर काही झालं नाही. "उपाशी आज पोरीलाही उपास घडवणार," असं कुणीतरी म्हणालं. अकरा वाजता बाबा टपरीवर चहा आणायला गेले, आणि तेव्हाच घंटी वाजली. वारा नव्हता. मुलीनं काठी धरली, एकदा घसरून बसली, उठली, मावशी शेजारून "ओढू नकोस, दमू दे त्याला" एवढंच म्हणत राहिली, आणि बाबा दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन आले तेव्हा ओल्या चटईवर एक जाड ओठांचा, मिशीवाला कार्प पडला होता. सव्वासहा किलो. सहा वर्षं वाट बघितली आणि नेमके त्या चार मिनिटांत ते चहा आणायला गेले. ह्याला काय म्हणावं? मी त्यांना हसायचं ठरवलं, पण हसता आलं नाही. त्यांच्या हातातला चहा सांडत होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

"धरा हो उपाशी," शेजारचा एक मासेमार म्हणाला. "फोटो काढतो. कुणी पकडला ते फोटोत थोडंच दिसतं?"

मुलगीच म्हणाली, धरा बाबा. त्यांनी धरला. फोटो निघाला. मग दोघांनी मिळून तो पाण्यात सोडला, आणि तो आमच्याकडे न बघता निघून गेला. माझ्यापेक्षा गर्विष्ठ मी पाहिलेला तो एकमेव प्राणी.

मित्रांनो, वस्तू स्वच्छ ठेवा हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो, की वस्तू कशासाठी आहे ते आधी विचारा आणि मग घासा. आणि चमकणाऱ्या झाऱ्याचं सगळंच खरं मानू नका.

संध्याकाळी तिघं जेवायला बसले. मी ओट्यावर वाळत होतो. बाबा म्हणाले, तो फोटो मैत्रिणींना पाठवून दे, म्हणजे प्रश्न मिटेल. आईनंही मान डोलावली. मुलीनं ताट बाजूला सारलं, उठून मला हातात घेतलं आणि दोघांच्या समोर उभी राहिली.

"फोटो मी कुणाला पाठवणार नाही. उद्या वर्गात सांगणार आहे, की माझ्या बाबांनी सहा वर्षांत एकही मासा पकडलेला नाही, आणि तरी एक रविवार चुकवलेला नाही. हसल्या तर हसू देत. आणि आई, हा झारा आजपासून तुझ्या स्वयंपाकघरात नाही, माझ्या खोलीत राहणार. गोळ्या मी करणार. बाबा, पुढच्या रविवारी तुम्ही काठीजवळून हलायचं नाही. चहा मी आणणार."