आठच्या प्रार्थनेची उशी

मी उशी आहे, पण माझ्यावर आजवर कुणी डोकं ठेवलेलं नाही. मी गुडघ्यांची उशी. थ्रेकम गावच्या चर्चमध्ये, डावीकडच्या चौथ्या बाकापुढं, पितळी आकड्यावर मी साठ वर्षं लटकले. प्रार्थनेची वेळ झाली की मला काढायचं, जमिनीवर ठेवायचं, माझ्यावर गुडघे टेकायचे आणि देवाशी बोलायचं. झालं की परत आकड्यावर. एवढंच आयुष्य, आणि मला ते पुष्कळ होतं.

मला म्युरिअल स्टॅनर्डनं शिवलं. त्या वेळच्या पाळकांच्या बायकोनं फर्मानच काढलं होतं, की उघड्या फळीवर टेकून टेकून गावाचे गुडघे कामातून गेले, तेव्हा प्रत्येक घरानं एकेक उशी भरून द्यायची. म्युरिअल तेव्हा तेवीस वर्षांची होती, लग्नाला चार महिने झाले होते. आमच्याकडच्या पाणथळ रानात टिटव्या फार, म्हणून तिनं जाड कापडावर लोकरीनं टिटवी काढायला घेतली. पण चोच आखूड पडली आणि पोट फुगलं. तिचा नवरा सिरिल मला पहिल्यांदा बघून भर प्रार्थनेत फिस्सकन हसला.

"म्युरी, ही कोंबडी कुणाची गं?"

"गप बस. पाळक बघतायत."

तेव्हापासून मी कोंबडी. आता माझं रूप माझ्या हातात थोडंच होतं?

गुडघ्यांवरून मला माणूस कळतो. मुलाचं आजारपण काढलेल्या आईचे गुडघे जड पडतात. नवऱ्याशी भांडून आलेल्या बाईचे टेकतात कमी आणि आपटतात जास्त. आणि गुडघ्यांवर आलेलं माणूस पुटपुटतं. त्याला वाटतं ते फक्त वर जातं. अहो, मी खाली असते की! या गावातलं जे जे मला ठाऊक आहे ते मी असंच ऐकलेलं आहे.

मग हळूहळू लोकांनी गुडघे टेकणं सोडलं. आधी अर्धं टेकणं आलं. बूड बाकावरच, कंबर जरा पुढं वाकवलेली, कपाळाला हात. शेजाऱ्याला वाटावं की माणूस गुडघ्यांवर आहे. साहेब बसलेले असतात मजेत! मग तेवढीही तसदी कुणी घेईना. नवं पुस्तक आलं, नव्या प्रार्थना आल्या. जुन्या इंग्रजी प्रार्थनेत देवाला 'तू' म्हणायचे. नव्यात सगळ्यांना सरसकट एकच शब्द, देवालाही तोच आणि पोस्टमनलाही तोच. मग भिंतीवर गाण्याचे शब्द दाखवणारा पडदा आला, गिटार आली, ड्रम आला. लोक वाईट नव्हते हो. सकाळी दहाच्या या नव्या प्रार्थनेला हसतखेळत यायचे, एकमेकांचे हात हातात घ्यायचे, नंतर कॉफी प्यायचे. फक्त माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

जुन्या शब्दांची एकच प्रार्थना उरली होती, रविवारी सकाळी आठची. गाणं नाही, ड्रम नाही. गारठलेल्या चर्चमध्ये तीन म्हातारी माणसं आणि पाळकबाई. म्युरिअल, सिरिल आणि शेवटच्या बाकावर वॉल्टर फिस्क. पुढं येऊन बसायचा आग्रह वॉल्टरला चाळीस वर्षं झाला. "मी इथनं सगळ्यांवर लक्ष ठेवतो," म्हणायचा, आणि बरोब्बर उपदेशाला घोरायचा.

सहा वर्षांपूर्वी सिरिल विसरायला लागला. जन्मभर त्यानं रानातलं पाणी उपसायच्या पंपावर काम केलं, पण एके दिवशी पंपाकडं जाणारा रस्ताच त्याला आठवेना. मग मुलीचं नाव गेलं. मग म्युरिअल गेली. म्हणजे ती समोरच असायची, पण तो तिला 'बाई' म्हणायचा. "बाई, तुम्ही चहा छान करता." साठीला टेकत आलेला संसार, आणि नवरा म्हणतो तुम्ही चहा छान करता! त्या रविवारी ती माझ्यावर टेकली ती इतकी जोरात, की माझ्या आतला भुसा एका अंगाला गेला.

पण आठच्या प्रार्थनेत एक नवल घडायचं. पाळकबाईंनी एक ओळ म्हटली, की पुढची ओळ सिरिलच्या तोंडून घडाघडा बाहेर पडायची. एक शब्द इकडचा तिकडं नाही. सात वर्षांचा असताना पाठ केलेलं ते, सगळं जागच्या जागी होतं. म्हणता म्हणता त्याचा चेहरा उजळायचा. शेवटचं 'आमेन' झालं की तो वळायचा आणि म्हणायचा, "म्युरी, तुझे हात केवढे गार पडलेत गं. हातमोजे कुठं टाकलेस?"

'तुझे.' 'टाकलेस.' तेवढ्यासाठी ती बाई आठवडा काढायची. घराच्या फाटकापर्यंत तो तिचा नवरा असायचा. दार उघडलं की पुन्हा बाई आणि तुम्ही. पण आठवड्याला पाऊण तास मिळत होता, आणि त्या पाऊण तासावर ती तगून होती.

दहाच्या प्रार्थनेला नेऊन पाहिलं नाही असं नाही. एकदा नेलं. पाळकबाईंनी पहिली ओळ म्हटली, सगळ्यांनी नवं उत्तर दिलं आणि सिरिलनं मोठ्यानं जुनं. पुढच्या बाकांवरून माना वळल्या. तो गोंधळला. मग हात मिळवायला चार जण हसत अंगावर आले, तशा यानं मुठी वळल्या. "कोण तुम्ही? काय पाहिजे?" म्युरिअलनं त्याला कसंबसं बाहेर नेलं. पुन्हा ती त्या वाटेला गेली नाही.

आता नियमाचं सांगते. आठच्या प्रार्थनेचा शेवट प्रभुभोजनानं व्हायचा. जुन्या पुस्तकाचा नियम असा, की पाळकानं एकट्यानं प्रभुभोजन करायचं नाही. त्यांच्याखेरीज निदान दोघांनी तरी भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला घेतला पाहिजे, नाहीतर विधीच नाही. तिघं होती तोवर या नियमाकडं कुणाचं लक्षही नव्हतं. यंदा ईस्टरच्या आधी वॉल्टर गेला. उरले दोघं.

"दोघं पुरतात ना?" म्युरिअलनं पाळकबाईंना विचारलं.

आमच्या पाळकबाई फिलिपा मंडे, त्यांच्याकडं सात गावं. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात पुस्तक. "पुरतात, म्युरिअल. पण काठावर आहोत आपण. तिसरं कुणी मिळतंय का बघा."

तिनं गाव पालथं घातलं. चर्चचे कारभारी डेरेक प्लमली, भला माणूस, त्यांना तिनं चर्चमध्येच गाठलं.

"रविवारी सकाळी आठला? म्युरिअलबाई, आमच्या घरात रविवारी आठला कुत्रंसुद्धा उठत नाही!"

"एकच रविवार या."

"अहो, देव दहालाही असतोच की."

"देव असतो, डेरेक. सिरिल नसतो."

डेरेक ओशाळले. "बघतो," म्हणाले. म्हणाले एवढंच.

सप्टेंबरात ते झालं. सिरिलला वेदीपुढच्या कठड्यापर्यंत चालवत नसे, म्हणून पाळकबाई भाकर बाकापाशीच आणायच्या. त्या दिवशी प्रार्थना त्यानं सगळी म्हटली, पण भाकर समोर येताच तोंड घट्ट मिटलं. घरीही तो हल्ली खाताना असं करायचा, डॉक्टर म्हणाले होते होतं असं. पाळकबाईंनी दोनदा विचारलं. शेवटी त्यांनी ती भाकरीची पातळ चकती त्याच्या तळहातावर ठेवली आणि प्याला आणायला वळल्या.

म्युरिअल माझ्यावर होती. तिचा सगळा भार एका गुडघ्यावर आला, ती नवऱ्याकडं झुकली. जन्मात कुणाचं फूल न तोडलेली बाई, तिनं नवऱ्याच्या हातातली भाकर उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. दोघांची भाकर एकटीनं गिळली. आणि पुटपुटली, "माफ कर रे देवा, पण मोज. दोन मोज."

पुढचे तीन रविवार हेच चाललं. चौथ्या रविवारी पाळकबाई वळल्याच नाहीत.

"मी पाहिलंय, म्युरिअल," त्या प्रार्थना संपल्यावर म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"तो सगळं म्हणतो की. तुम्ही ऐकता ना? आमेनसुद्धा म्हणतो!"

"म्हणतो. पण घेत नाही. न घेणाऱ्याला मोजता येत नाही. मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं, गप्प बसले. आता नाही बसवत. नियम माझा नाही हो."

"मग कुणाचा? त्याला इथं आणा, मी त्याच्या पाया पडते."

पाळकबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण साडेनऊला त्यांना पुढच्या गावात उभं राहायचं होतं. "पुढच्या रविवारपासून आठची बंद करतेय," त्या म्हणाल्या. "मी घरी येईन तुमच्याकडं. महिन्यातून एकदा, नक्की."

सिरिल तोवर म्युरिअलच्या कोटाची गुंडी लावत होता. "चल म्युरी," म्हणाला, "पाळकबाईंना उशीर होतोय." मला त्या क्षणी हात असते तर मी त्या दोघांना बाकाला धरून ठेवलं असतं. सोडलं नसतं, सांगते.

आठची बंद झाली. बाकांच्या जागी घडीच्या खुर्च्या आल्या आणि आम्हा सगळ्या उशांची रवानगी काळ्या पिशव्यांत झाली. डेरेकनी मला तेवढं पिशवीतून काढून म्युरिअलच्या घरी आणून दिलं. दारात उभे राहून कितीदा तरी 'माफ करा' म्हणाले. ती त्यांना "बसा" म्हणाली नाही.

पाळकबाई शब्दाला जागल्या. एका मंगळवारी दुपारी छोटी पेटी घेऊन आल्या, जुनं पुस्तकही आणलं होतं. सिरिलनं त्यांना खुर्ची दिली, अदबीनं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "विमा आम्ही आधीच काढलाय." त्यांनी दुसरी ओळ म्हटली, तिसरी म्हटली. हा त्यांच्याकडं नुसता बघत राहिला. दगडी भिंती नाहीत, बाक नाही, गारठा नाही, मग शब्द कुठून येणार? ते तिथंच राहिले होते.

तरी म्युरिअल ऐकेना. आता दर रविवारी बरोबर आठला ती मला स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवते. शेगडी विझवते, खिडकी सताड उघडते, का तर गारठा यावा. सिरिलला कोट घालून खुर्चीवर बसवते. मग माझ्यावर टेकते आणि पाळकांच्या ओळी स्वतः म्हणते. एक ओळ म्हणते आणि थांबते. त्याच्या ओळीसाठी जागा ठेवते. ती जागा रिकामी जाते. मग पुढची ओळ. मी खाली असते, मला तिची प्रत्येक वाट बघणं मोजता येतं. अगं बाई, पुरे कर, असं म्हणावंसं वाटतं. पण पुरे करून ती काय करील?

आजही तिनं तसंच केलं. सगळी प्रार्थना एकटीनं शेवटापर्यंत नेली, 'आमेन'पाशी थांबली. काही आलं नाही. मग ती उठायला गेली आणि तिला उठवेना. एक गुडघा उचलला, तो परत बसला. टेबलाचा कोपरा हाताला लागेना. त्र्याऐंशीचे गुडघे ते, आणि मी आता अगदी चपटी झालेय, माझा काही आधार होत नाही.

सिरिलनं पाहिलं. तो उठला, तिच्याजवळ आला. स्वभाव गेलेला नाही हो त्याचा. वाकून त्यानं तिचा दंड धरला, पण त्याच्या अंगात ताकद कुठली!

"राहू द्या बाई, पडाल," तो म्हणाला. "तुमचं घरात दुसरं कुणी आहे का?"

तिनं त्याच्या कोटाची बाही धरली. मग म्हणाली, "आहेत. माझे यजमान आहेत."

"मग त्यांना हाक मारा ना. ते येऊन उचलतील."

म्युरिअलनं त्याच्याकडं पाहिलं. आणि सगळा जीव एकवटून, इतक्या मोठ्यानं की मी हादरले, तिनं हाक मारली.

"सिरिल!"

सिरिल पटकन वळला आणि दाराकडं बघायला लागला. तिचा दंड धरून तो अजून तसाच उभा आहे. मधूनमधून तिला धीर देतोय. "येतील हं बाई, येतीलच एवढ्यात."

ती माझ्यावरच आहे. खिडकी उघडी आहे. रस्त्यानं कुणी जात असाल तर आत या हो. कुणीही या.