नळाखाली हात नव्हते

मित्रांनो, मी एक जुना पितळी नळ आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, बाथरूममधल्या बेसिनवर माझी नेमणूक आहे. अंगावरची चकाकी पार उडाली, पण आवाज अजून दणदणीत आहे. मला बसवलं तेव्हा प्लंबर म्हणाला होता, "काय धार आहे!" त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं खूश होतो.

या घरात आई शिवणकाम करते. तिची एकुलती एक लेक नववीत आहे. घरभर गरगर फिरते म्हणून ती भिंगरी. गेल्या हिवाळ्यापासून जेवण आटोपलं की ती धावत आत येई, कडी लावी आणि मला पूर्ण सोडून देई. "किती स्वच्छ पोर आहे माझी!" आई शेजारणीला कौतुकाने सांगे.

पण मित्रांनो, माझ्या धारेखाली कुणाचेच हात नसत. साबण कोरडाच राही. माझ्या आवाजाआड दुसरा एक दाबलेला आवाज असे. भिंगरी खाल्लेलं ओकून टाकत असे. मग आरशातला ओल्या डोळ्यांचा चेहरा पुटपुटे, "उद्यापासून नाही. नक्की नाही." रोज तेच ऐकून मला भीती वाटू लागली. मला तोंड आहे, पण त्यातून पाण्याशिवाय काही निघत नाही.

आईला शंका आली नाही असं नाही. तिने गळ्यातली टेप भिंगरीच्या कमरेला लावली. "माप तर तेच आहे," असं म्हणून ती पुन्हा मशीनवर बसली.

एका रविवारी दुपारी टाकी रिकामी झाली. मी घुरघुरलो आणि गप्प झालो. बाहेर शिलाई मशीनही थांबलं. त्या शांततेत तो आवाज एकटाच उरला. दाराखालच्या फटीत आईची पावलं येऊन थांबली.

"भिंगरे, दार उघड. मी रागावणार नाही."

मग कडी निघाली.

"आई, मला थांबवताच येत नाही गं."

त्याच आठवड्यात मी आईला फोनवर मावशीशी बोलताना ऐकलं. "अगं, डॉक्टरांनी वजन केलं, रक्त तपासलं, पण तेवढ्यावर सोडलं नाही. खाताना हात आवरत नाही असं होतं का, विचारलं. मग ते काढून टाकतेस का? आठवड्यातून किती वेळा? किती महिने झाले? स्वतःची किंमत शरीरावरूनच ठरवतेस का? बुलिमिया म्हणतात याला. वजन ठीक असलं तरी होतो म्हणे. आणि मी मेली टेप लावत बसले!"

आता भिंगरीवर उपचार चालू आहेत. काही दिवस वाईट जातात. अशा दिवशी आई बेसिनपाशी तिच्याजवळ उभी राहते. माझ्या धारेखाली चार हात असतात.

पण मित्रांनो, पाइपातून आम्हा नळांना एकमेकांचं सगळं कळतं. आत्ताच जेवणं झाली आहेत, आणि वरच्या मजल्यावरचा नळ कुणीतरी पूर्ण सोडलाय. त्याच्याखाली हात नाहीत. त्या घरात तुम्ही असाल तर दार वाजवा. रागावू नका, माप घेऊ नका. हळूच विचारा आणि डॉक्टरांकडे सोबत जा. मी इथून जिवाच्या आकांताने ओरडतोय, पण भिंगरीच्या आईला वाटतंय, नळ गळायला लागला.