आयरिनच्या छतावरचा ओला डाग

आत्माराम सावेंनी बाथरूमच्या टाइल्स स्वतःच्या हातांनी बसवल्या, त्याला नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी, बुधवारी सकाळी, खालच्या मजल्यावरची आयरिन दारात उभी राहिली.

"भाऊ, माझ्या बाथरूमचं छत ओलं झालंय. तुमचंच पानी हाय."

"माझं कशावरून? वरच्या चंदनचा पाइपही त्याच भिंतीतून जातो."

"चंदनचा पाइप सात वर्षं तिथंच हाय. टाइल्स तुमच्या नव्या हायत."

आत्माराम खाली गेले. डाग भाकरीएवढा होता. त्यांनी स्टुलावर चढून बोट लावलं.

"गीझर किती वेळ चालू ठेवतेस? वाफ असेल."

"वाफ काय एकाच कोपऱ्यात बसते? लहान पोर समजलात काय मला?"

आत्माराम स्टुलावरून उतरले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बहिणीकडे राहिलेली त्यांची बायको शुभदा शनिवारी घरी येणार होती. ती घसरू नये म्हणूनच त्यांनी जुन्या गुळगुळीत लादीवर खरबरीत टाइल्स चढवल्या होत्या. गळती आपली ठरली तर त्या उखडाव्या लागणार, आणि काठी टेकत येणाऱ्या तिला अंघोळीला जागा उरणार नाही.

"भांडून कळणार नाही," ते म्हणाले. "करून बघू. नहाणीतल्या पाणी जायच्या जाळीवर कापडाचा बोळा दाबायचा, चार बोटं पाणी साठवायचं आणि त्यात नीळ घालायची. उद्यापर्यंत तुझ्याकडे निळा थेंब पडला तर पाणी माझं."

"नीळ मी घालणार. तुम्ही चिमूटभर घालाल."

तिने घरून पुडी आणली आणि अख्खी ओतली. बोळा स्वतः दाबून पाहिला. मग पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली.

"आता हे कशाला?"

"तुम्ही गुपचूप पानी सोडलं तर मला कळायला नको?"

गुरुवारी सकाळी पाणी रेघेला तसंच टेकलेलं होतं. खालच्या छतावर निळा ठिपकाही नव्हता.

आयरिन ओशाळली. "चुकलं माझं, भाऊ. आता चंदनला धरते." आणि ती तरातरा वर गेली.

आत्मारामांनी समाधानाने बोळा काढला. पाणी घुरघुरत जाऊ लागलं. तेव्हा जाळीच्या कडेला बारीक बुडबुडे उठताना त्यांना दिसले. ते गुडघ्यांवर बसले, चष्मा पुसला.

टाइल्सच्या थराने जमीन वर आली होती, जाळीखालचं पाणी जायचं जुनं तोंड मात्र खालीच राहिलं होतं. मधली फट त्यांनी पांढऱ्या सिमेंटने वरवर लिंपली होती, आणि ते सिमेंट तडकलं होतं. बोळ्याने ती फटही झाकून टाकली होती. तपासणी झाली ती फक्त उरलेल्या जमिनीची.

वरून आवाज येत होते.

"आंटी, मेरा पाइप एकदम सूखा है, हाथ लगाके देखो ना!"

"सब लोग ऐसाच बोलता है!"

चंदनचं आणि आयरिनचं चार दिवस तरी चालेल. तोवर शुभदा घरी आलेली असेल. आत्माराम ओल्या जमिनीवर तसेच बसून राहिले. मग उठले आणि जिन्यात गेले.

"आयरिन, चंदनला सोड. खाली जा आणि छताकडे बघ."

त्यांनी घरातली नीळ बादलीत कालवली आणि बोळा न लावता ते पाणी ओतायला घेतलं. तिसऱ्या बादलीला खालून ओरडा आला, "आलं! निळं आलं!"

ती धापा टाकत वर आली. डोळे बारीक केले. "मग काल बोळा कशाला घातला?"

"चुकलं. मला वाटलं, तीच खरी परीक्षा."

"चुकलं?"

"हो, चुकलं."

ती जाळीपाशी वाकली. "किती फोडायच्या?"

"जाळीभोवतीच्या चार. फट नीट भरली की झालं. पण सिमेंट सुकायला दोन-तीन दिवस जातील."

त्यांनी शुभदाला फोन लावला. "तू शनिवारी नको, सोमवारी ये."

"का हो? टाइल्स निघाल्या ना? मी म्हटलं होतं, मिस्त्री बोलवा!"

"चारच निघणार आहेत. मीच काढतोय."

आयरिनने फोन हिसकावून घेतला. "ताई, तुम्ही बहिणीकडे आरामात रहा. मी बसलेय इथं. फट भरेपर्यंत हलनार न्हाय."

तिने बादली पालथी घातली आणि ती बाथरूमच्या दारातच बसली. आत्मारामांनी छिन्नी उचलली.