सोळाच्या घरावरची सैल तार

मित्रांनो, मी एक जुना डार्टबोर्ड आहे. कुवेतमध्ये, मिरकाबच्या एका जुन्या इमारतीत, अशरफभाईंच्या खानावळीच्या मागच्या खोलीत मी भिंतीवर टांगलेला असतो. आपली जीवनकहाणी सांगताना चार मोठेपणाच्या गोष्टी सांगण्याची रीत आहे. माझ्याकडे तशा फार नाहीत. जी गोष्ट सांगायला मी बसलो आहे, तिची मला अजून लाज वाटते.

माझे अंग घायपाताच्या तंतूंचे आहे. ते इतके दाबून बसवलेले असतात, की डार्ट उपटून काढला की भोक आपोआप मिटते. वर तारांची जाळी असते. तिने माझी वीस घरे पाडली आहेत. प्रत्येक घराच्या बाहेरच्या कडेला बोटभरसुद्धा रुंद नसलेली एक पट्टी असते. तिथे डार्ट लागला, तर त्या घराचे गुण दुप्पट होतात.

विलायतेत माझे भाऊबंद पबमध्ये टांगलेले असतात. मलाही एका इंग्रज इंजिनिअरने इथे आणले. इथे दारूला बंदी, त्यामुळे माझ्यासमोर करक म्हणजे कडक दुधाळ चहाचे पेले आणि कांदाभज्यांच्या बशा. मायदेशी परतताना त्याने मला जगन्नाथला देऊन टाकले. जगन्नाथ मूळचा परभणीचा. तो एका इस्पितळात यंत्रे दुरुस्त करतो. त्याने आणि त्याच्या बायकोने, सुजाताने, दोघातिघांना जमवून ‘मिरकाब मंडळी’ नावाचा संघ काढला आणि अशरफभाईंना विचारून मला इथे टांगले.

आमच्या लीगमध्ये सहा संघ आहेत. अब्बासिया भागातले दोन, सालमिया भागातला एक, असे. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी सामने होतात. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या खोलीत आणि एकदा समोरच्याच्या. ज्याची खोली त्याचा बोर्ड आणि त्याचाच चहा. चार डाव एकेकट्याचे, दोन जोडीचे, आणि बरोबरी झाली तर सातवा निर्णायक. पाचशे एक गुणांपासून सुरुवात करायची, दर पाळीला तीन डार्ट मारायचे आणि मिळालेले गुण वजा करत बरोबर शून्यावर यायचे. शेवटचा डार्ट मात्र दुप्पटच्या पट्टीतच लागला पाहिजे. आपटून खाली पडलेल्या डार्टला काहीच गुण नाहीत. शेवटी दोन्ही कर्णधार कागदावर सह्या करतात आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकतात.

मागच्या सप्टेंबरात खोलीला रंग दिला. तेव्हा मला खाली काढताना कुणाच्या तरी हातून मी निसटलो आणि फरशीवर आपटलो. बाकी काही झाले नाही, फक्त सोळाच्या दुप्पट पट्टीवरची तार तिच्या खिळ्यातून सुटली आणि पट्टीवर आडवी आली. नेमका तिथे डार्ट आला, की तो तारेवर आपटायचा आणि खाली पडायचा.

संघातल्या विश्वासच्या ते लगेच लक्षात आले. तो म्हणाला, “जगन्नाथ, तुझी पक्कड आण. दोन मिनिटांचं काम आहे.”

जगन्नाथने बोटाने तार दाबून पाहिली आणि तो हसला. “राहू दे रे एवढा सीझन. आपण बत्तीसवर यायचंच नाही. चाळीसवर यायचं, वीसच्या दुप्पटला मारायचं. पाहुण्यांना सोळा लई आवडतो, मारू दे त्यांना.”

“अहो, हे बरं नाही दिसत,” सुजाता म्हणाली. पण तीही हसत होती.

आणि मित्रांनो, खरे सांगतो, मलाही गंमतच वाटली.

घरच्या मैदानावर मिरकाब मंडळी हरेनात. पाहुणे डोक्याला हात लावायचे, दिवस वाईट म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. “आपला बोर्ड लकी आहे,” असे सगळे म्हणू लागले. खंडेनवमीला सुजाताने मला हळदकुंकू लावले, वर झेंडूचे फूल खोचले. विश्वास त्या दिवशी नमस्काराला पुढे आला नाही. मी मात्र फुलून गेलो होतो. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

सालमियाच्या संघात नाझिया खेळायची. ती मूळची श्रीवर्धनची, नवजात बाळांच्या विभागात नर्स. दोऱ्याएवढ्या बारीक शिरेत सुई घालण्याचे काम ती वर्षानुवर्षे करत होती. दीड वर्षापूर्वी बसमधून उतरताना पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले. हाड जुळले, डॉक्टरांनी हात बरा झाल्याचेही सांगितले, पण तिचा धीर होईना. तेव्हापासून ती टेबलावर फायली सांभाळत होती.

जानेवारीतल्या शेवटच्या सामन्याला ती आमच्याकडे आली, तेव्हा चहा पिताना तिने हे स्वतःच सुजाताला सांगितले. “मेट्रन म्हणतात, तू तयार आहेस असं तूच सांग. कसं सांगू? म्हणून हा खेळ धरला. बघेन तिथे डार्ट जायला लागला, तर समजेन की हात माझा आहे. आता जातो बऱ्यापैकी. आज चांगलं खेळले, की शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपल्यावर रविवारी मेट्रनना सांगूनच टाकते.”

“सांगा, नक्की सांगा,” सुजाता म्हणाली. आणि तिने पटकन माझ्याकडे पाहिले.

त्या दिवशी जो जिंकेल, त्याला लीगचा चषक मिळणार होता. सहा डावांत तीन-तीन अशी बरोबरी झाली. निर्णायक डावासाठी सालमियाचे कर्णधार इम्तियाजभाई यांनी नाझियाला पाठवले. आमच्याकडून जगन्नाथ उभा राहिला. ती सुरेख खेळली. तिचे डार्ट माझ्या अंगात अलगद शिरत होते. जगन्नाथचे चाळीस उरले असताना ती बत्तीसवर आली. सोळाची दुप्पट, की खेळ संपला.

पहिला डार्ट अगदी नेमका आला. तारेवर आपटला आणि फरशीवर पडला.

“हरकत नाही, तोच मार,” इम्तियाजभाई म्हणाले.

दुसराही तिथेच आला. तोही पडला. नाझियाने मनगटाकडे पाहिले. तिसरा डार्ट माझ्या बाहेर, भिंतीत घुसला.

जगन्नाथने पहिल्याच डार्टला वीसची दुप्पट मारली. टाळ्या झाल्या. त्याने हात वर केला नाही. तो खाली पडलेले दोन डार्ट उचलायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

पाहुणे निघाले. दार उघडे होते. जिन्यात नाझियाचा आवाज आला. “इम्तियाजभाई, माफ करा. हात गेला माझा. बाळांच्या जवळ जायला नको मी. रविवारी अर्ज देते, मला कायमचं टेबलाचंच काम द्या म्हणून.”

सुजाता खुर्च्या उचलत होती. तिने हातातली खुर्ची खाली ठेवली. “ऐकलंत?”

“ऐकलं,” जगन्नाथ म्हणाला.

“दोन मिनिटांचं काम होतं. मीही हसले होते तेव्हा. आता मला तोंड दाखवायला जागा नाही.”

विश्वासने चषक उचलून कपाटामागे सरकवला. माझ्याकडे कुणी पाहिले नाही आणि मला तेच हवे होते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारी नवराबायको आले. त्यांनी मला भिंतीवरून उतरवले, चादरीत गुंडाळले आणि टॅक्सीने सालमियाला नेले. दार नाझियानेच उघडले. जगन्नाथने चादर काढली आणि मला तिच्यासमोर खुर्चीवर टेकवून ठेवले.

“नाझिया, इथे बोट ठेवा. सोळावर. दाबून बघा.”

तिने दाबले. तार खाली गेली आणि सोडताच पुन्हा वर आली. तिने पुन्हा दाबले.

“कधीपासून?” तिने विचारले.

“सप्टेंबरपासून. आम्हाला माहीत होतं. तुमचे दोन्ही डार्ट बरोबर आले होते.”

तिने तिसऱ्यांदा तार दाबली. मग म्हणाली, “जगन्नाथभाई, काल घरी आल्यापासून मी पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलतेय.”

सुजाता रडू लागली. नाझियाने तिला पाणी दिले, पण ‘जाऊ द्या’ म्हणाली नाही. जगन्नाथने खिशातून पक्कड काढली, तेव्हा तिने हात आडवा केला.

“आत्ता नको. आधी सगळ्यांना बघू दे.”

पुढच्या गुरुवारी सहाही संघांचे कर्णधार आमच्या खोलीत जमले. जगन्नाथने उभे राहून सगळे सांगितले. कुणावर ढकलले नाही. “पक्कड माझ्याच बॅगेत होती,” एवढेही सांगितले. मग एकेक जण पुढे आला आणि त्याने सोळावर बोट ठेवून तार दाबली. कुणी शिवी दिली नाही. अब्बासियाचा एक कर्णधार नुसता म्हणाला, “माझ्या पोरांना मी उगीच बोललो होतो.” मित्रांनो, माझ्या अंगात आजवर हजारो डार्ट घुसले. त्या बोटांइतके मला काहीच टोचले नाही.

आमचे घरचे सगळे विजय रद्द झाले. मिरकाब मंडळी तक्त्यात तळाला गेली. चषक सालमियाला मिळाला. तो घ्यायला त्या दिवशी त्यांच्याकडून इम्तियाजभाई एकटेच आले होते.

“नाझिया नाही आली?” सुजाताने भीतभीत विचारले.

“ड्यूटीवर आहे,” ते म्हणाले. “अर्ज फाडला तिने. मंगळवारी सव्वा किलोच्या बाळाला सुई लावली. पहिल्या खेपेला लागली.” मग थोडे थांबून म्हणाले, “पण तुमच्या खोलीत ती पुन्हा येईल, असं मला वाटत नाही.”

जगन्नाथने मान हलवली. सगळ्यांसमोर त्याने तार खिळ्यात बसवली आणि पकडीने दाबली. विश्वासने घड्याळ पाहिले होते. दोन मिनिटेही लागली नाहीत.

नाझिया खरेच पुन्हा आली नाही. सालमियाचा संघ येतो, चहा घेतो, खेळतो. ती त्यात नसते. मला कुणी लकी म्हणत नाही आणि ते बरेच आहे.

तुमच्याही घरी, शाळेत, कामावर माझ्यासारखी एखादी वस्तू असेल. तिची काळजी घ्या, म्हणजे नुसते पुसू नका. तिच्यात काय बिघडले आहे ते वेळीच पाहा, आणि ते बिघडणे तुमच्या फायद्याचे असेल तर आधी पाहा. आणि माझ्यासमोर उभे राहून कुणी म्हणाले, की माझा हात चुकला, तर त्याच्या हाताला बोल लावण्याआधी दोन पावले पुढे या आणि माझ्या तारा तपासा.