शारजाच्या कपाटातला लोकरी कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे आणि माझे घर वाळवंटात आहे. हसू नका. शारजात वर्षातले आठ महिने घाम पुसण्यात जातात. तिथे कोटाचे काय काम, असे मलाही वाटत असे.

रोला भागातल्या एका शिंप्याने मला शिवले, त्याला तीस वर्षे होऊन गेली. तो शाळेचे गणवेश शिवायचा. कोट त्याने कधी शिवला नव्हता. पण समिधा नावाच्या शिक्षिकेला नवऱ्याबरोबर युरोपला जायचे होते. शिंप्याने राखाडी लोकर कापली, आतून जांभळे अस्तर लावले आणि छातीपाशी एक आतला खिसा ठेवला. नवऱ्याच्या कंपनीने ऐनवेळी दुसऱ्यालाच पाठवले. मग मी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात लटकत राहिलो.

एकदा शेजारच्या ताजबी मुलीच्या बाळंतपणासाठी लंडनला निघाल्या. "समिधा, तुझा तो कोट नुसता लटकतोय ना? दे मला," त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी सगळ्यांचा झालो. ओळखीतले जे कोणी थंड देशात जाई, ते मला मागून नेई. शेजारणीचे भांडे आपण रिकामे परत करत नाही ना? तसेच माझेही होई. कोणी आतल्या खिशात चॉकलेटे भरून मला परत करी, कोणी अक्रोड. एका बाईंनी तर मधाची बाटली कोंबली होती. माझे फार कौतुक होई. पण त्या वजनाने खिशाची शिवण उसवत चालली. नेणारीला वाटे, कोट समिधाचा आहे, तीच शिवेल. समिधाला वाटे, पुढची नेणारी नेण्याआधी टाके घालेलच. दोन टाक्यांचे काम होते. ते कोणीच केले नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत समिधाने मला पहिल्यांदा स्वतःसाठी कपाटातून काढले. तिच्या दोन मैत्रिणी, आशा आणि शहनाझ, तिला शनिवार-रविवार व्हिएन्ना दाखवायला घेऊन चालल्या होत्या. आशा दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागात नोकरी करणारी, तोंडाने तिखट. शहनाझ रत्नागिरीकडची, लग्न होऊन शारजात आलेली. तिचा नवरा मोहिद्दीन दोन वर्षांपूर्वी वारला, आता ती मुलाकडे, रिझवानकडे राहत होती. तिघींची मैत्री पस्तीस वर्षांची.

एक गोष्ट त्या दोघींना ठाऊक नव्हती. समिधाचा डावा कान कधीचाच गेला होता. उजव्यालाही मशीनशिवाय ऐकू येत नसे, म्हणून त्यामागे ती एक इवलेसे मशीन लावी आणि वर केस सोडी. आशा चिडवील, अशी तिला भीती होती.

शनिवारी त्या मोठ्या चर्चसमोर उभ्या होत्या. छपरावरची रंगीत कौले उन्हात चमकत होती.

"अगं, हे ऊन आहे की फ्रिजमधला दिवा?" आशा कुडकुडत म्हणाली. "नुसता उजेड! चला, यल्ला, कुठेतरी आत शिरू या."

वारा सुटला होता. मशीनमध्ये वारा शिरला की कानात घोंघावते. समिधाने ते हळूच काढले आणि माझ्या आतल्या खिशात टाकले. ते उसवलेल्या शिवणीतून सरळ खाली घसरले आणि माझ्या घेरात, अस्तराच्या तळाशी जाऊन बसले.

हॉटेलवर आल्यावर तिने खिसा चाचपला, पर्स उलटी केली, गादी उचलून पाहिली. मी खुर्चीच्या पाठीवर पडलो होतो. मित्रांनो, मला तेव्हा नुसता हात असता, तरी मी तो माझ्याच घेराकडे दाखवला असता. मला दोन बाह्या आहेत, पण त्यांत दुसऱ्यांचे हात असतात.

समिधाने मैत्रिणींना काही सांगितले नाही. रविवारभर ती त्यांचे ओठ पाहत राहिली. त्या हसल्या की हसायची, त्या थांबल्या की थांबायची.

दुपारी त्या डॅन्यूब नदीच्या काठी बसल्या. आशा भाजलेले चेस्टनट आणायला गेली. शहनाझने इकडेतिकडे पाहिले आणि पाण्याकडे तोंड करून बोलू लागली.

"समिधा, मला एक सांगायचंय. रिझवान मला गावी पाठवतोय. त्याला वाटतं, अम्मीने आता स्वतःच्या घरात आराम करावा. तिथे माझं कोण आहे गं? दोन खोल्या बंद, जाऊबाई मुंबईला. मी नाही म्हटलं तर त्याला वाटेल, अम्मी डोक्यावर बसली. तो तुझं ऐकतो. तू शिकवलंयस त्याला. सांगशील? मला नको पाठवू म्हणून?"

तिचा शब्दन् शब्द माझ्या लोकरीत शिरला. समिधाला मात्र नदी, एक बोट आणि मैत्रिणीचे हलणारे ओठ एवढेच दिसले. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ, असे काहीतरी ती म्हणत असेल, असे तिला वाटले. तिने शहनाझचा हात दाबला.

"हो गं, नक्की. अगदी नक्की. इन्शाल्ला!"

शहनाझने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि माझ्या खांद्यावर डोके टेकले. ते मशीन समिधाच्या गुडघ्याशीच होते, पण अस्तराआड तिला ते जाणवत नव्हते. मी काय करणार? मी फक्त उबदार राहिलो.

परतल्यावर विमानतळावर रिझवान घ्यायला आला होता. शहनाझ दोन पावले मागे, सामानाच्या ट्रॉलीपाशी उभी होती.

"आंटी, अम्मी काही बोलली का?" त्याने विचारले. "गावाचं ठरल्यापासून गप्पच आहे. तिच्या मनात नसेल तर आय विल कॅन्सल एव्हरीथिंग."

समिधाला 'अम्मी' एवढे ओठांवरून कळले.

"खूप खूश आहे ती," समिधा हसून म्हणाली. "अजिबात काळजी करू नकोस."

रिझवानचा चेहरा मोकळा झाला. शहनाझने ते ऐकले. ती समिधाकडे पाहत राहिली, मग मान खाली घालून ट्रॉली ढकलू लागली.

पंधरा दिवसांत ती रत्नागिरीला गेली. निघताना भेटायला घर भरून माणसे आली होती आणि समिधा त्या गलक्यात पुन्हा मान हलवत होती. तिचे नवे मशीन त्यानंतर आठवड्याने आले.

एप्रिलमध्ये मला धुवायला दिले. लाँड्रीतल्या अन्वरच्या बोटांना माझ्या घेरात काहीतरी कडक लागले. त्याने अस्तर उसवून मशीन काढले, खिशाची शिवणही घालून दिली. पैसे घेतले नाहीत. समिधाने ते मशीन तळहातावर घेतले आणि तिला नदीकाठचे ते हलणारे ओठ आठवले. मग तिने फोन लावला.

"शहनाझ, त्या दिवशी मला ऐकूच येत नव्हतं गं. कानाचं मशीन हरवलं होतं. नदीवर तू इतका वेळ काय सांगत होतीस?"



"काही नाही गं," शहनाझ म्हणाली. "थंडी फार होती, तेच सांगत होते. तू कशी आहेस?"

समिधाने फोन ठेवला, पण शहनाझ काहीतरी लपवते आहे, हे तिला कळले. आता तिने रत्नागिरीचे तिकीट काढले आहे. तिथे कोट लागत नाही, म्हणून मी इथेच राहणार. तिथे त्या दोघी काय बोलतील, ते मला कळणार नाही.

मित्रांनो, जी वस्तू सगळ्यांची असते, तिला टाका कोणी घालायचा हे विचारत बसू नका. सुई हाताशी असेल त्याने घालावा. आणि कोणाचे बोलणे ऐकू आले नाही, तर हसून मान हलवू नका. 'पुन्हा सांग' म्हणा. समिधाला ते म्हणता आले नाही. तुम्हाला येईल.