पाय उचलला की थांबायचं

मित्रांनो, मी एक जुना खोका आहे. करड्या रंगाचा, लोखंडी, पाठीला वारा जायला फटी असलेला. पॉवर सप्लाय हे माझं शाळेतलं नाव. घरात मला खोकाच म्हणतात. भिंतीतली वीज दांडगी असते, लहान यंत्रांना ती झेपत नाही. मी ती पोटात घेतो, शांत करतो आणि पाच-सहा व्होल्ट एवढीच लाल आणि काळ्या वायरीतून पुढे पाठवतो. माझ्या छातीवर एक गोल मीटर आहे. वायरींत किती वीज आहे ते त्यातला काटा दाखवतो. मला तोंड नाही, त्यामुळे जे काही बोलायचं ते त्या काट्यानेच.

दादाने मला घडवलं. तो छापखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. भंगारातला ट्रान्सफॉर्मर, कुणाच्या तरी मुक्या झालेल्या रेडिओचं बटण, असं गोळा करून मी झालो. झाकणाला चार स्क्रू हवे होते, तीनच सापडले. "चालतंय तेवढं," दादा म्हणाला. चौथ्याचं भोक अजून उघडंच आहे. त्यातूनच मी जग बघतो.

माझ्यासमोर टेबलावर जेवणाच्या डब्याएवढा एक लेथ होता, म्हणजे धातू फिरवून तासायचं यंत्र. रिमोटवर धावणाऱ्या छोट्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्या मोटरमध्ये एक फिरता दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला तांब्याचं कडं. धावून धावून ते कडं काळं पडतं, त्यावर चरे उमटतात आणि गाडी दमते. दादा तो दांडा लेथवर चढवायचा, कड्याला काळं मार्कर फासायचा आणि मला चालू करायचा. लेथची स्वतःची छोटी मोटर रबरी पट्टा फिरवू लागे, दांडा फिरू लागे, आणि हत्याराचं टोक तांब्याचा केसाहून बारीक पापुद्रा काढत जाई. जिथे शाई उरली, तिथे काम बाकी. सगळी शाई गेली की दादा चष्मा कपाळावर सरकवून स्वतःशीच हसायचा.

हे सगळं माडीवर. खालच्या खोलीत ताई शिवणकाम करायची. ताई म्हणजे दादाची धाकटी बहीण. तिची पन्नाशी उलटली तरी दादा जिन्यातून "छकुले!" अशी हाक मारायचा आणि ती गिऱ्हाइकांसमोर लाजून ओरडायची, "अरे, आता तरी पुरे की!"

दादाचं सगळ्यात चिवट गिऱ्हाईक म्हणजे दातांची डॉक्टरीण. तिला गाड्यांच्या शर्यतीचं वेड, आणि दर शर्यतीत ती शेवटच्या फेरीत हरायची.

"दादा, परत मेली हो गाडी."

"मोटरने मारली की तुम्ही?"

"मोटरने मारली असं लिहून द्या, क्लबात दाखवते."

मग दादा माझ्या पाठीवर थाप मारायचा. "हा आमचा खोका बघा. इतक्या वर्षांत एकदा बंद पडलेला नाही. याला थांबणं माहीतच नाही."

मित्रांनो, मी फुगायचो. तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

लेथची घरघर लाकडी तक्तपोशीतून खाली झिरपायची. ताईला ती ऐकायची इतकी सवय होती, की तीच तिला दादाची खुशाली वाटे. दादाच्या छातीत अधूनमधून दुखायचं. पण वर झूं आवाज चालू आहे, म्हणजे दादा ठीक आहे. आवाज थांबला, की ती मान वर करून हाक मारायची, "दादा, काय रे?" असा त्या घराचा न ठरवलेला नियम होता.

त्या दिवशी दुपारी दादाने डॉक्टरणीची मोटर लेथवर चढवली. शाई फासली. मला चालू केलं. निम्मं कडं झालं असेल, आणि त्याचा हात हत्यार सरकवायच्या चाकावरून घसरला. तो खुर्चीत मागे टेकला. डोळे मिटले. मला वाटलं, दमला असेल.

आणि मी वीज देत राहिलो.

खाली ताईकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग होता. चार वाजता ती चहा घेऊन वर यायची, पण वर झूं चालू होतं. "रंगलाय कामात," असं ती स्वतःशी म्हणाली, ते मी ऐकलं. पाच वाजले. झूं. सहा वाजले. झूं. हत्यार एकाच जागी टेकलेलं होतं, त्याने तांब्यात एक चकचकीत रेघ कोरली. माझं पोट तापलं, ट्रान्सफॉर्मरला वास येऊ लागला. इतर खोक्यांचा फ्यूज अशा वेळी उडतो. माझा उडाला नाही. मी सगळ्या ताकदीने खोटं बोलत राहिलो, की दादा ठीक आहे.

सव्वासहाला ताई वर आली. तिने आधी दादाला हात लावला. नंतर माझा प्लग उपटला. त्यानंतर घरात जी शांतता पसरली, ती अजून माझ्या पोटात आहे.

खोली बंद झाली. दोन महिने माझ्यावर धूळ साचली. मग एका दुपारी ताई फडकं घेऊन आली. तिने टेबल पुसलं, मला पुसलं, लेथ पुसता पुसता त्याचं पट्ट्याचं चाक बोटाने सहज फिरवलं, आणि दचकली.

माझा काटा हलला होता.

प्लग तर जमिनीवर पडलेला. ताईने तो उचलून पाहिला, हातात घट्ट धरला आणि परत चाक फिरवलं. काटा परत उठला, थरथरला, खाली बसला.

"दादा?" ती हळूच म्हणाली. "तूच ना रे?"

त्यानंतर ती रोज चारला यायची. दोन कप चहा घेऊन. एका बोटाने चाक फिरवायची आणि बोलायची. आधी गिऱ्हाइकांच्या कागाळ्या, मग हळूहळू तेच एक वाक्य: "मी चारलाच यायला हवं होतं, नाही का रे?" काटा उठायचा. ती तो होकार समजायची आणि रडायची. दुसऱ्या कपातला चहा थंड व्हायचा. खाली तिच्या मशीनवर कापड तसंच पडून राहू लागलं. ती वाळत चालली होती. मला सांगायचं होतं, ताई, तो दादा नाही. पण माझ्याकडे बोलायला तो काटाच होता, आणि तो तर तिच्याच बोटावर नाचत होता.

एके दिवशी डॉक्टरीण आली. लेथ आणि मला तिच्याकडे द्यायचं, असं आधी ठरलं होतं.

"नाही देणार," ताई म्हणाली. "दादा येतो इथे."

"कोण येतो?"

ताईने चाक फिरवून दाखवलं. डॉक्टरणीने वाकून लेथपासून माझ्यापर्यंत आलेली वायर बोटाने चाचपली. मग म्हणाली, "ताई, आता चाक उलटं फिरवा."

ताईने उलटं फिरवलं. काटा शून्याच्याही खाली जाऊन कडेला आपटला.

"लेथला मोटर आहे. मोटर हाताने फिरवली की तीच थोडी वीज करते, आणि ती वायरीतून उलटी या खोक्यात येते. तो तुमचाच हात आहे, ताई."

ताई खुर्चीवर बसली. त्याच खुर्चीवर.

"म्हणजे इतके दिवस मीच मला हो म्हणत होते?"

"हो."

"मी चारला आले असते तर वाचला असता का हो तो? तुम्ही डॉक्टर आहात."

"दातांची. मला नाही माहीत. खोटं कशाला सांगू?"

ताईने डोळे पुसले. "न्या हे सगळं." डॉक्टरणीने मला उचललं, तोच ताई एकदम म्हणाली, "थांबा. माझ्या शिवणाच्या मशीनवरचा पाय उचलला की ते थांबतं. मग हे मेलं का थांबलं नाही?"

"कारण याला पायच नाही," डॉक्टरीण म्हणाली. तिने मला परत खाली ठेवलं. "माझ्या दवाखान्यात जुन्या खुर्चीचं एक पायबटण पडलंय. दाबलं तर चालू, सोडलं तर बंद."

आठवड्याने डॉक्टरणीने माझी लाल वायर कापून त्या बटणातून नेली. ताईने निम्मी राहिलेली मोटर तपासली, दादा फासायचा तशी कड्याला नवी शाई फासली आणि बटणावर पाय ठेवला. झूं आवाज आला आणि लगेच तिने पाय उचलला. मी थांबलो. परत ठेवला, चाललो. परत उचलला. असं तिने दहा-बारा वेळा केलं. आयुष्यात पहिल्यांदा मला थांबणं कळलं, मित्रांनो.

मग तिने कडं पूर्ण केलं. सगळी शाई गेली. त्या दिवशीची रेघ मात्र पुसट दिसत होती.

"अजून एक हात मारा, जाईल," डॉक्टरीण म्हणाली.

ताईने पाय उचलला. "राहू दे."

रेघेसकट ती मोटर धावली. डॉक्टरीण शेवटच्या फेरीत हरली, पण ते तिच्या रीतीला धरूनच झालं.

आता मोटरी ताईकडे येतात. मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसा, वायरी नीट गुंडाळा, ते तर कराच. पण आमच्या आवाजावर विश्वास ठेवू नका. आत आवाज चालू आहे म्हणजे आतलं माणूस ठीक आहे, असं नसतं. आम्हाला काही कळत नाही. जिना चढा, दार ढकला, आणि माणसाला विचारा.

ताई रोज चारला काम थांबवते, माझा प्लग काढते आणि जाता जाता पायबटण दाबून चाकाला एकदा बोट लावते. काटा उठतो. तो आपलाच हात आहे हे तिला ठाऊक आहे. तरी ती म्हणते, "येते रे, दादा."

परवा तिने बोट उचललं, पाय उचलला, चाक थांबलं, ती जिना उतरून खालीही गेली. काटा मात्र बराच वेळ वरच राहिला. जुना झालाय, अडकत असेल.

मी तरी तसंच धरून चाललोय.